एन-४०० (अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज) प्रलंबित आणि घर बदललं: पोस्टाचं फॉरवर्डिंग की युएससीआयएसकडे (अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन विभागाकडे) पत्ताबदल?

पोस्टाचं फॉरवर्डिंग फक्त टपाल वळवतं, तेही साधारण १२ महिने. युएससीआयएसच्या दफ्तरी पत्ता जुनाच राहतो. शिवाय पाकिटावर ‘रिटर्न सर्व्हिस रिक्वेस्टेड’ छापलेलं असलं, की ते पुढे न येता पाठवणाऱ्याकडे परत. मुलाखतीची नोटीस अशी हुकली आणि कळवलंही नाही, तर अर्ज बंद होऊ शकतो.

युएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यातला पत्ताबदल फुकट आहे आणि घर बदलल्यापासून १० दिवसांत करणं कायद्यानेच बंधनकारक. अर्जाचा पावती क्रमांक तपासून घाला. दुसऱ्या राज्यात गेलात तर फाइल दुसऱ्या ऑफिसात जाते, मुलाखत लांबू शकते. नव्या मेलबॉक्सवर नाव मात्र चिकटवा; पोस्टमन अनोळखी नावाचं टपाल परत पाठवू शकतो.

अर्जासाठी खात्यातला बदलच. बँक, विमा, कराची पत्रं यांच्यासाठी फॉरवर्डिंग. महिना-दोन महिने नातेवाइकांकडे असाल, तर टपालाच्या पत्त्यात त्यांचं नाव ‘केअर ऑफ’ म्हणून द्या.