थंडरबर्डचं कॅलेंडर: सरांच्या तारखा माझ्या लॅपटॉपवर

सांगलीत एका सीए सरांकडे काम करते. सरांच्या भेटी, जीएसटीच्या तारखा, सगळं ऑफिसच्या नेक्स्टक्लाउड सर्व्हरवर (फाइली, कॅलेंडर सगळ्यांना मिळून वापरता येतं ते) एकाच कॅलेंडरमध्ये. मी दर सोमवारी त्याची आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरची प्रत, उतरवून लॅपटॉपवर घ्यायचे. म्हणजे मंगळवारपासून शिळं!

मग थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम घेतला. फुकट आहे, आणि २०२० च्या ७८व्या आवृत्तीपासून कॅलेंडर आतच येतं, त्यासाठी लायटनिंग नावाची वेगळी जोडणी बसवायला नको. नवीन कॅलेंडर, नेटवर्कवरचं, मग कॅलडॅव्हचा (सर्व्हरवरचं कॅलेंडर दोन्हीकडून जुळतं ठेवायची पद्धत) पत्ता नि पासवर्ड टाकला, झालं. आता मी तारीख हलवली की सरांकडेही हलते.

एक मेख आहे. थंडरबर्ड सर्व्हरकडे डोकावतं दर ३० मिनिटांनी. पहिल्याच आठवड्यात सरांनी चारची भेट तीनला आणली. पार्टी येऊन बसली आणि मी खाली चहाच्या टपरीवर. चूक माझीच, सेटिंग बघितलंच नव्हतं. कॅलेंडरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ५ मिनिटं केलं. ऑफलाइनची खूण मात्र काढू नका. लाइट जाऊन राउटर बंद पडला तरी २० तारखेचं ३बी (जीएसटीचं रिटर्न) समोर दिसत राहतं.

दिसायला म्हणाल तर अगदीच सरकारी फॉर्म. पण सोमवारची कटकट गेली.