कॅपची सीट की ५० टक्के स्कॉलरशिपचं पत्र? दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा

२०२५ च्या जुलैत ताईकडे साताऱ्याला गेलो तर टेबलावर भाच्याच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनचे दोन कागद. एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं पत्र, जाडजूड, सोनेरी बॉर्डर, वर मोठ्या अक्षरात अभिनंदन, मेरिट स्कॉलरशिप ५० टक्के, आणि पार खाली बारीक अक्षरात सात दिवसांत पंचवीस हजार भरून सीट बुक करा. दुसरा म्हणजे सायबर कॅफेत काढलेली सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेश परीक्षा घेणारं सरकारी ऑफिस) मेरिट नंबरची प्रिंट, तिचा एक कोपरा चहात भिजलेला. भाच्याला सीईटीत ९६ पर्सेंटाइलच्या आसपास, दाजींचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, कॅटेगरी ओपन. त्या मेरिट नंबरवर कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश राऊंडमधून, सीट मिळते. दाजी म्हणाले हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं, कॅपमध्ये काय मिळेल कुणाला माहीत, हे तर आत्ताच अर्ध्या फीत देतायत.

वाक्य ऐकायला एकदम बरोबर वाटतं आणि बरेच पालक इथेच अडकतात. यंदा ज्यांच्या घरी अशीच दोन कागदांची जोडी पडलीये त्यांच्यासाठी आम्ही तेव्हा जे बघितलं ते लिहितोय.

पहिला मुद्दा, अर्धी फी म्हणजे कशाची अर्धी. कॅपमधल्या प्रायव्हेट कॉलेजची फी कॉलेज मनाला येईल तशी लावत नाही, राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवून देतं. अभिमत (डीम्ड) आणि खाजगी युनिव्हर्सिटीचा आकडा त्यांचा तेच ठरवतात आणि त्यावर सूटही तेच देतात. दिवाळीच्या सेलमध्ये साडीवर आधीची किंमत खोडून नवीन लिहितात ना, तसं. सगळ्याच युनिव्हर्सिट्या असं करतात असं नाही, वेल्लोरच्या व्हीआयटीचं उदाहरण घ्या, तिथे प्रवेश परीक्षेत पहिल्या दहात आलात तर ट्यूशन फीत ७५ टक्के सूट, ११ ते ५० ला ५० टक्के, ५१ ते १०० ला २५ टक्के. ही मेरिट स्कॉलरशिप, कारण ती मोजक्या शंभर पोरांना मिळते. भाच्याच्या बॅचमधल्या मात्र निम्म्या क्लासला ते सोनेरी बॉर्डरचं पत्र आलं होतं, ९६ वाल्यालाही ५० टक्के आणि ८४ वाल्यालाही ४० टक्के, मग त्याला स्कॉलरशिप म्हणायचं की डिस्काउंट तुम्हीच ठरवा. मी डिस्काउंट म्हणतो. डिस्काउंट घेण्यात काही पाप नाही, फक्त त्याला डिस्काउंटसारखंच तपासायचं.

आता दुसऱ्या कागदाकडे या, कारण त्यावर स्कॉलरशिप हा शब्द लिहिलेला नसतो म्हणून लोकांना वाटतं तिकडे काहीच नाही. खरं तर तिकडे जास्त आहे, पण ते पत्रातून येत नाही, फॉर्म भरून मिळवावं लागतं. ओपनमधल्या आठ लाखांच्या आतल्या घराला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे ज्याला सगळे ईबीसी म्हणतात, त्यात ट्यूशन फीची अर्धी रक्कम सरकार देतं, एका घरातल्या दोन मुलांपर्यंत. मुलगी असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असेल तर जुलै २०२४ च्या जीआरपासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख. बाकी कॅटेगऱ्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) आपल्या कॅटेगरीखाली नीट वाचा, शेजाऱ्याच्या मुलाला मिळालं म्हणून आपल्याला मिळेलच असं धरू नका. आणि लोक सगळ्यात जास्त विसरतात ती टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची सीट. प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा जागा असतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, ट्यूशन फी पूर्ण माफ, फक्त डेव्हलपमेंट वगैरे इतर फी भरायची. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेज-ब्रँचचे पसंतीक्रम भरतात तो) तिचा चॉइस कोड वेगळा असतो, तो टाकला नाही तर मिळणार नाही. कटऑफ नेहमीच्या सीटपेक्षा वर जातो पण टाकायला काय जातंय.

पण हे सगळं कॅप राऊंडमधून ॲडमिशन असेल तरच. त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ईबीसी नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खाजगी, युनिव्हर्सिटीला पण नाही. म्हणजे पंचवीस हजार भरून युनिव्हर्सिटीत बसलात की ही दारं बंद, आणि ते पत्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग आम्ही लाईट बिलाच्या मागे आकडे मांडले, भाच्याच्या केसचे, तुमचे वेगळे असतील. कॅपमधलं पुण्याचं ऑटोनॉमस कॉलेज धरलं, ट्यूशन १,४०,०००, वर इतर २०,०००. ईबीसीचे ७०,००० गेले की वर्षाला ९०,०००. पीजी आणि मेस महिन्याला १२,००० धरून दहा महिन्यांचे १,२०,०००. एकूण २,१०,०००, चार वर्षांचे ८,४०,०००. युनिव्हर्सिटीची ट्यूशन ३,२०,०००, अर्धी केल्यावर १,६०,०००, त्यावर "इतर चार्जेस" ४०,००० ज्यावर सूट नाही, आणि पहिल्या वर्षी हॉस्टेल कम्पल्सरी, मेससकट १,६०,०००. वर्षाला ३,६०,०००, तेच हॉस्टेल चारही वर्षं धरलं तर १४,४०,०००. दाजी गप्प झाले. दोन्हीकडे दरवर्षीची वाढ धरली नव्हती, ती धरली की फरक वाढतो, कारण टक्का तोच राहिला तरी मोठ्या आकड्यावरची वाढ मोठीच असते.

आणि मग भाच्याने पत्राचं मागचं पान वाचलं. स्कॉलरशिप पुढच्या वर्षी चालू राहायला सीजीपीए ८.५ च्या वर, एकही बॅकलॉग नाही, अटेंडन्स ८० टक्के. आता पहिल्या वर्षी गणिताच्या एम-१ आणि एम-२ मध्ये कुणाकुणाच्या विकेट पडतात हे इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा. एकदा गेली की परत मिळत नाही असंही होतं. म्हणजे पहिल्या वर्षानंतर गेली तर उरलेली तीन वर्षं १,६०,००० जास्त, एकूण १९,२०,०००. टीएफडब्ल्यूएसमध्ये असली सीजीपीएची भानगड नाही, ती कोर्स संपेपर्यंत असते. ईबीसीला दरवर्षी फॉर्म रिन्यू करावा लागतो, पण साडेआठ सीजीपीएची तलवार नाही.

म्हणून कॅपवालं सगळं गोड आहे का, तर अजिबात नाही. महाडीबीटीचे पैसे दोन हप्त्यांत येतात आणि आपल्या गरजेच्या वेळेला येत नाहीत. बरीच कॉलेजं आधी पूर्ण फी मागतात, आले की परत देऊ म्हणतात, तेव्हा पहिल्या वर्षाची पूर्ण फी जुळवायची तयारी ठेवा. आधार बँक खात्याला लिंक नसेल तर पैसे लटकतात. उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला, डोमिसाईल, ओबीसी-एसईबीसीला नॉन क्रिमीलेयर, हे जून-जुलैत सेतूत काढायला जाल तर अर्धा तालुका रांगेत असतो, एप्रिलमध्येच काढून ठेवा.

आणि कॅपचं स्वतःचं टेन्शन वेगळंच. २०२५-२६ पासून राऊंड चार केलेत आणि ऑटो फ्रीझचा, म्हणजे लागलेली सीट आपोआप पक्की होण्याचा, नियम बदललाय. पहिल्या राऊंडला पहिला प्रेफरन्स लागला तर घ्यायलाच लागतो, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनातला, तिसऱ्याला पहिल्या सहातला. नाही घेतला तर पुढच्या राऊंडला उभं राहता येत नाही. त्यामुळे मित्राने टाकलं म्हणून वरच्या सहात वाट्टेल ते कॉलेज भरू नका. भाच्याने सीओईपी आणि व्हीजेटीआय या नामवंत कॉलेजांचं कॉम्प्युटर वर टाकलं होतं, ९६ ला ओपनमधून मिळत नाही हे त्यालाही माहीत होतं, आपली हौस. पण चौथ्या नंबरला त्याने एका कॉलेजचं असं ब्रँच टाकलं होतं जे त्याला नकोच होतं, ते रात्री अकरा वाजता काढलं.

युनिव्हर्सिटी कधी घ्यावी? माझ्या मते जेव्हा उत्पन्न आठ लाखांच्या वर आहे म्हणून ईबीसी-टीएफडब्ल्यूएस दोन्ही नाही, आणि कॅपमध्ये हवं ते ब्रँच जवळपास कुठे बसत नाही, आणि युनिव्हर्सिटी खरंच बरी आहे. बरी आहे का हे ब्रोशरवरच्या हायेस्ट पॅकेजवरून कळत नाही, ते एका पोराचं असतं. एनआयआरएफच्या (केंद्र सरकारचं कॉलेज रँकिंग) साईटवर भाग घेतलेल्या कॉलेजांची माहिती पीडीएफमध्ये असते, त्यात पास किती झाले, प्लेस किती झाले आणि मीडियन पगार किती हे दिसतं. आमच्या पत्रवाल्यांचं आणि पुण्याच्या कॉलेजचं शेजारी उघडलं तर मीडियन जवळपास सारखाच निघाला. लोन काढायचं असेल तर पीएम विद्यालक्ष्मीच्या यादीत संस्था आहे का ते पण बघा, त्यात आठ लाखांच्या आतल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या लोनवर व्याजात ३ टक्के सवलत आहे.

दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो का, तर थोडे दिवस येतो. यूजीसीचा २०२४-२५ चा नियम होता की ३० सप्टेंबरपर्यंत ॲडमिशन रद्द केली तर पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापून, तुमच्या वर्षाचं परिपत्रक काढून ठेवा आणि पत्रात "नॉन रिफंडेबल" लिहिलेलं असलं तरी ते दाखवा. फक्त ओरिजिनल एलसी देऊ नका, झेरॉक्स द्या. कॅपच्या रिपोर्टिंगला ओरिजिनल लागतात आणि तेव्हा युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकत बसावं लागलं तर मुदत जाते.

आम्ही पंचवीस हजार भरले नाहीत. सात दिवस गेले, काही झालं नाही, आठव्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरचाच फोन, तुमच्यासाठी चार दिवस वाढवून घेतलेत. भाच्याला दुसऱ्या राऊंडला तिसरा प्रेफरन्स लागला, आपोआप फ्रीझ. टीएफडब्ल्यूएस हुकली, ईबीसीचा फॉर्म भरला. ऑगस्टमध्ये तो पीजीसाठी गादी उचलत असताना ताईला परत त्यांचा फोन, स्कॉलरशिप रिव्हाइज होऊन ६५ टक्के झालीये. ताईने विचारलं, का हो, त्याचे मार्क वाढले का?