स्प्रिंग जेडीबीसी: ड्रायव्हर ‘जमत नाही’ म्हणतो तेव्हा

जेडीबीसी म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलण्याचा ठरलेला इंटरफेस, आणि तो त्या-त्या डेटाबेससाठी प्रत्यक्षात उतरवणारी लायब्ररी म्हणजे ड्रायव्हर. या इंटरफेसमध्ये एखादी मेथड दिसली, म्हणून ती ड्रायव्हरने लिहिलेली असेलच असं नाही. जेडीबीसी ४.० पासून (जावा ६, २००६) अशा वेळी फेकायला ‘एसक्यूएल-फीचर-नॉट-सपोर्टेड’ हे वेगळं एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) आहे. पण कुठला ड्रायव्हर ते फेकेल, कुठला साधं एसक्यूएल-एक्सेप्शन देऊन मोकळा होईल आणि कुठला काहीच न करता गुपचूप परत येईल, याचा नेम नसतो. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची जेडीबीसी लायब्ररी हा गोंधळ बराचसा स्वतःवर घेते. ६ च्या मालिकेपुरतं मत आधीच सांगायचं तर डेटा वाचण्याच्या बाजूला काम चोख आहे, बॅचमध्ये (अनेक स्टेटमेंट एकदम पाठवण्यात) ठीकठाक आहे आणि ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पार पडणाऱ्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या कामांच्या गटात) एक जागा सरळसरळ धोक्याची आहे.

चोख काय ते आधी. कॉलमची व्हॅल्यू हव्या त्या टाइपमध्ये मागणारी, क्लास घेणारी गेट-ऑब्जेक्ट मेथड जेडीबीसी ४.१ मध्ये आली आणि जुने ड्रायव्हर तिथे हात वर करतात. स्प्रिंग ती वापरून पाहतं, एक्सेप्शन आलं तर गिळतं आणि जुन्या मार्गाला लागतं: लोकल-डेट हवी असेल तर गेट-डेट, लोकल-डेट-टाइम हवी असेल तर गेट-टाइमस्टँप. पुढचं रूपांतर टाइप बदलून देणाऱ्या कन्व्हर्जन सर्व्हिसवर सोपवलं जातं. इथे गिळणं योग्यच, कारण निकालाचा अर्थ बदलत नाही.

बॅच-अपडेट आधी ड्रायव्हरच्या मेटाडेटाला (ड्रायव्हर स्वतःबद्दल देतो त्या माहितीला) ‘सपोर्ट्स-बॅच-अपडेट्स’ विचारतं. उत्तर नकारार्थी आलं, किंवा विचारतानाच एक्सेप्शन आलं, तर एकेक स्टेटमेंट चालवलं जातं. निकाल तोच, वेग मात्र गेला, आणि हे कळतं फक्त डीबग लॉगमधून, म्हणजे तपासापुरत्या चालू करायच्या तपशीलवार नोंदींमधून. होकारावरही विसंबू नये. मायएसक्यूएलचा कनेक्टर-जे ड्रायव्हर ‘हो’ म्हणतो, पण यूआरएलमध्ये ‘रीराइट-बॅच्ड-स्टेटमेंट्स’ चालू केल्याशिवाय इन्सर्ट एकेक करूनच पाठवतो. तो पर्याय चालू केला की परत येणाऱ्या अ‍ॅरेमध्ये रो-संख्येऐवजी उणे २ दिसू शकतं, म्हणजे ‘जमलं, पण किती ते ठाऊक नाही’. त्या आकड्यांची बेरीज करणारा कोड मग उणे हजारांत उत्तरं देतो.

इन्सर्टनंतर डेटाबेसने नव्या रोला दिलेली की (ओळखक्रमांक) स्प्रिंगच्या की-होल्डरमध्ये घेताना ड्रायव्हरला नुसतं ‘जनरेटेड की दे’ एवढंच सांगितलं, तर ओरॅकल रो-आयडी (रोचा अंतर्गत पत्ता) देतो आणि पोस्टग्रेस रोचे सगळे कॉलम. दोन्ही ठिकाणी की-होल्डरची गेट-की मेथड एक्सेप्शन फेकते. कॉलमचं नाव अ‍ॅरेत दिलं की प्रश्न मिटतो. हे नाव डर्बी आणि एचएसक्यूएल या डेटाबेसना चालत नाही, असं स्प्रिंगचा सिंपल-जेडीबीसी-इन्सर्ट हा क्लास धरून चालतो आणि आपणहून दुसरा मार्ग घेतो.

नलचं (रिकाम्या व्हॅल्यूचं) प्रकरण थोडं खर्चिक. टाइप न सांगता नल दिला तर स्प्रिंग पॅरामीटर-मेटाडेटाला टाइप विचारू शकतं. काही ड्रायव्हर त्यावर एक्सेप्शन देतात, काही त्यासाठी सर्व्हरपर्यंत फेरी मारतात. सरळ उपाय म्हणजे एसक्यूएल-पॅरामीटर-व्हॅल्यूमध्ये नलसोबत व्हारचार वगैरे टाइप स्वतः द्यायचा. सगळ्या कोडला हात लावणं शक्य नसेल तर ‘स्प्रिंग.जेडीबीसी.गेट-पॅरामीटर-टाइप.इग्नोर’ ही प्रॉपर्टी ट्रू करावी.

आता धोक्याची जागा. नेस्टेड (एकाच्या आत दुसरं) ट्रान्झॅक्शन मागितलं आणि ड्रायव्हरला सेव्हपॉइंट (मध्येच मागे येता येईल अशा खुणा) येत नसतील, तर स्प्रिंग स्पष्ट नकार देतं. सेव्हपॉइंट मोकळा करताना ड्रायव्हरने ‘जमत नाही’ म्हटलं तर मात्र ते गिळतं, आणि त्यात काही बिघडत नाही. पण ट्रान्झॅक्शनवर रीड-ओन्ली लिहिलं आणि कनेक्शनच्या सेट-रीड-ओन्लीने एक्सेप्शन फेकलं, तर तेही डीबग लॉगमध्ये टाकून काम पुढे चालू! एसक्यूलाइटचा नेहमीचा झेरियल ड्रायव्हर डिफॉल्ट सेटिंगमध्ये, उघडलेल्या कनेक्शनवर हा फ्लॅग बदलू देत नाही. म्हणजे ‘फक्त वाचन’ अशी पाटी लावलेल्या मेथडमधून बिनदिक्कत अपडेट होऊ शकतं. ‘ही फक्त सूचना आहे’ असं डॉक्युमेंटेशन म्हणतं; तरी निदान वॉर्निंग तरी हवी होती. ओरॅकल, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेससाठी ट्रान्झॅक्शन मॅनेजरवर एन्फोर्स-रीड-ओन्ली ट्रू करा, म्हणजे ‘सेट ट्रान्झॅक्शन रीड ओन्ली’ हे स्टेटमेंटच डेटाबेसकडे जातं. एसक्यूलाइटला ते वाक्य कळत नाही; तिथे झेरियल ड्रायव्हरच्या एसक्यूलाइट-कॉन्फिगने रीड-ओन्ली उघडलेला वेगळा डेटासोर्स ठेवावा.

हे गिळलेले नकार पाहायचे तर ‘जेडीबीसी.सपोर्ट’ आणि ‘जेडीबीसी.डेटासोर्स’ या दोनच पॅकेजेसचं लॉगिंग डीबगवर न्यावं. ‘जेडीबीसी.कोअर’ उघडलं तर प्रत्येक क्वेरी छापली जाते आणि हवी ती ओळ त्यात बुडते.

एक्सेप्शनच्या भाषांतरातही, म्हणजे ड्रायव्हरचं एक्सेप्शन स्प्रिंगच्या स्वतःच्या एक्सेप्शनमध्ये बदलण्यातही, एक खाच आहे. ६.० पासून, स्वतःची एरर-कोड फाइल दिली नसेल तर, स्प्रिंग आधी एक्सेप्शनचा क्लास पाहतं आणि ‘फीचर-नॉट-सपोर्टेड’चं ‘इनव्हॅलिड-डेटा-अ‍ॅक्सेस-एपीआय-युसेज’ करतं. नाव वाचून चूक कॉलरची (मेथड बोलावणाऱ्या कोडची) वाटते, म्हणून मूळ कारण उघडून पाहावं. पण पोस्टग्रेसचा सर्व्हर ०ए००० हा एसक्यूएल-स्टेट (‘फीचर सपोर्टेड नाही’ असं सांगणारा प्रमाणित कोड) देतो तेव्हा ड्रायव्हर आपलं पीएसक्यूएल-एक्सेप्शन फेकतो, जे त्या क्लासचं नाही, आणि हाती येतं ‘अनकॅटेगराइज्ड’. याचं सर्वांत सतावणारं उदाहरण म्हणजे चालू अ‍ॅप्लिकेशनखाली टेबलात कॉलम वाढवल्यावर येणारी ‘कॅश्ड प्लॅन’ची तक्रार. इथे सपोर्टचा प्रश्नच नसतो, क्वेरीसाठी आधी तयार करून ठेवलेला जुना प्रिपेअर्ड प्लॅन बाद झालेला असतो. ट्रान्झॅक्शनबाहेर ड्रायव्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ट्रान्झॅक्शनच्या आत यूआरएलमध्ये ‘ऑटोसेव्ह=कॉन्झर्व्हेटिव्ह’ द्यावं लागतं आणि त्यासाठी सेव्हपॉइंटचा जादा खर्च सोसावा लागतो. सिलेक्टमध्ये तारा (*) न टाकता कॉलमची नावं लिहिली, तर नवा कॉलम आल्याने ही वेळ येत नाही.