साठ हर्ट्झचा आय ट्रॅकर: बाहुलीचा फोकस माझ्याहून चांगला

आय ट्रॅकर म्हणजे डोळ्यांचे सेकंदाला साठ फोटो काढून नजर कुठे आहे ते सांगणारी पट्टी. बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत, परत लिहीत नाही. परवा केबल पट्टीत शिरते तिथेच तुटली, म्हणून लिहायला बसलो. सर्व्हिसवाले म्हणाले, केबल सुटी मिळत नाही, अख्खं यंत्र बदला. इंदूरच्या जेल रोडवरच्या दुरुस्तीवाल्या पोराने चहाच्या वेळात सोल्डर करून दिली.

केबलचं सोडा, माझं भांडण डब्यावरच्या ‘अटेन्शन ॲनालिसिस’शी, म्हणजे नजरेवरून लक्ष ओळखण्याच्या दाव्याशी आहे. सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, समोरच्याकडे बघत बोलताना शेजारच्या कढईवर कुणाचं लक्ष नसतं? नजर इथे, लक्ष तिथे. त्याचा सुगावा लागतो तो मायक्रोसॅकेडमध्ये: टक लावून बघतानाही डोळे सेकंदाला एक-दोनदा बारीक उड्या मारतात. २००२ मध्ये हाफेद आणि क्लार्क, २००३ मध्ये एंगबर्ट आणि क्लीगल या संशोधकांनी दाखवलं की या उड्यांची दिशा छुप्या लक्षाशी जोडलेली असते. आता हिशोब करा. उडी बहुधा एका अंशाहून लहान (हात लांब करून करंगळीचं नख बघा, साधारण तेवढा एक अंश), आणि १० ते ३० मिलिसेकंदांत संपते. ६० हर्ट्झ म्हणजे १६.७ मिलिसेकंदांनी एक फोटो. दोन फोटोंत उडी आटोपली तर हा काय पकडणार? प्रयोगशाळेत ५०० ते १००० हर्ट्झ लागतात, तेही हनुवटी टेकवून.

तरी रिपोर्टमध्ये ‘सूक्ष्म हालचाली’ मोजलेल्या असतातच. मग भाचीची बाहुली समोर बसवली. बऱ्याच झटापटीनंतर तिचे डोळे त्याने ओळखले, तर तिच्याही सूक्ष्म हालचाली निघाल्या, आणि फोकस स्कोअर माझ्याहून जास्त! यंत्राची स्वतःचीच थरथर ती. बरं, महागडं यंत्र घेतलं तरी एकेका उडीवरून लक्ष ओळखता येत नाही. कल दिसतो तो ढीगभर फेऱ्यांच्या सरासरीत. २०२२ च्या एका मेंदूलहरींच्या अभ्यासात तर अशी उडी न मारताही लक्ष सरकलेलं दिसलं.

इथवर दीड स्टार होता. पण भाचीला मराठी धडा वाचायला दिला (शाळा हिंदी माध्यमाची), आणि ‘ज्येष्ठ’, ‘तऱ्हा’ असल्या शब्दांपाशी तिची नजर मागे वळताना स्वच्छ दिसली. मोठ्या उड्या तो छान पकडतो. म्हणून तीन. अर्धा स्टार केबलपायी कापला. वाचन बघायचं तर घ्या, ‘अटेन्शन’चं वार्षिक सबस्क्रिप्शन मात्र भरू नका, माझं रिफंडचं तिकीट अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे.