सर्व्हरचा पत्ता बदलल्यावर नेक्स्टक्लाउड क्लायंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

फोंडा तालुक्यातल्या आमच्या नाट्यमंडळाचं सगळं दप्तर नेक्स्टक्लाउडवर आहे: जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या हस्तलिखित संहितांचे स्कॅन, जुने फोटो, तालमींची रेकॉर्डिंग्ज, जमाखर्च. आपल्या सर्व्हरवर फाइली ठेवून त्या सगळ्यांच्या संगणकांवर जुळत्या ठेवणारं, २०१६ साली ओनक्लाउड या तशाच सॉफ्टवेअरमधून वेगळं झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या इतर गुणांवर पुष्कळांनी लिहिलंय, मी फक्त क्लायंटला, म्हणजे आपल्या संगणकावरच्या किंवा फोनवरच्या त्याच्या ॲपला, सर्व्हरचा नवा पत्ता देण्याबद्दल लिहितो.

आमचा जुना पत्ता होस्टिंगवाल्याच्या (सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या) डोमेनखालचा, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या नावाखालचा होता. होस्ट सोडला की पत्ताही सुटणार, म्हणून आधी मंडळाच्या नावाचं डोमेन घेतलं. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच. क्लायंटमध्ये आयपीचा आकडा (सर्व्हरचा आकडी पत्ता) किंवा दुसऱ्याच्या मालकीचं नाव कधीच घालू नये.

डेस्कटॉप क्लायंटमध्ये जोडलेल्या खात्याचा पत्ता सेटिंगमधून बदलता येत नाही. विंडोजवर तो ॲपडेटा या फोल्डरातल्या नेक्स्टक्लाउड डॉट सीएफजी या फाइलीत, अकाउंट्स विभागात यूआरएलच्या (पत्त्याच्या) ओळीवर असतो. क्लायंट आधी पूर्ण बंद करायचा, नुसती खिडकी मिटून भागत नाही. चालू असताना फाइल बदलली तर तो आपल्याकडची जुनी माहिती परत तिथे लिहू शकतो. ओळ बदलून सुरू केला की पुन्हा लॉगिन मागतो, कारण साठवलेला पासवर्ड पत्त्याशी बांधलेला असतो. आणि मग खरा आनंद: फोल्डर तोच, सिंकची (कुठल्या फाइली जुळवून झाल्यात याची) नोंदही तीच, त्यामुळे साठलेल्या फाइली पुन्हा उतरवल्या जात नाहीत. वाळपईच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या सभासदांना याचं मोल विचारा. तिथलं नेट बघता सगळे स्कॅन नव्याने उतरवायचे म्हणजे आठवडा गेला असता.

मंडळातल्या एका ज्येष्ठांनी काळजीने विचारलं होतं, "पत्ता बदलला म्हणजे माझे फोटो गेले काय रे?" म्हटलं, "नाही काका, फोटो तुमच्याच फोल्डरात आहेत. फक्त घराचं दार दुसरीकडे काढलंय."

सर्व्हरच्या बाजूने दोन गोष्टी कराव्याच लागतात. कॉन्फिग डॉट पीएचपी या सेटिंगच्या फाइलीतल्या ट्रस्टेड डोमेन्सच्या (मान्य नावांच्या) यादीत नवं नाव घालायचं, नाहीतर सर्व्हर त्या नावाने आलेल्याला आत घेत नाही. दुसरं म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी लागणारं त्या नावाचं प्रमाणपत्र. आम्ही अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं घेतलं. त्याची मुदत ९० दिवसांची, म्हणून नूतनीकरण आपोआप होतंय ना हे पहिल्या खेपेला डोळ्यांनी बघून घ्यावं.

या व्यवस्थेची खरी कसोटी पावसाळ्याच्या तोंडावर लागली, सर्व्हरच मोठा घ्यायचा झाला तेव्हा. आदल्या दिवशी डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणला, जुना सर्व्हर मेंटेनन्स मोडमध्ये टाकला, म्हणजे वापरासाठी तात्पुरता बंद केला, डेटाबेस आणि फाइली हलवल्या, डीएनएसमधली नोंद बदलली. कुणाच्याही संगणकाला हात लावावा लागला नाही! तालमीला आलेल्यांना सर्व्हर बदलल्याचं मी सांगितलं तेव्हा कळलं.

बॅकअपमधून सर्व्हर उभा करणाऱ्यांनी मात्र ओसीसीची (सर्व्हरवर नेक्स्टक्लाउडला आज्ञा देण्याच्या साधनाची) डेटा-फिंगरप्रिंट ही आज्ञा जरूर चालवावी. सर्व्हरवर जुनी प्रत आली आहे हे त्यामुळे क्लायंटला समजतं, आणि संगणकावरच्या नव्या फाइली पुसण्याऐवजी तो दोन्ही प्रती ठेवतो. संहितेवर दिग्दर्शकाने आदल्या रात्री केलेल्या दुरुस्त्या अशाने वाचतात. मला ही सोय फार मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

पावसात आमच्याकडे वीज जाते-येते. नेट परत आलं की क्लायंट राहिलेलं काम निमूटपणे पुढे नेतो. एकच फाइल दोघांनी बदलली असेल तर वेगळी प्रत ठेवतो.

अँड्रॉइडवर काम वाढतं. तिथे खातं काढून नव्या पत्त्याने पुन्हा जोडावं लागलं, आणि फोटो आपोआप चढवण्याची सेटिंग नव्याने लावावी लागली. खातं काढण्याआधी सगळे फोटो वर गेलेत याची खात्री करा.

राहिल्या पब्लिक लिंका, म्हणजे खातं नसलेल्यांनाही फाइल उघडता यावी म्हणून दिलेल्या लिंका. होस्टच्या जुन्या नावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या सगळ्या बंद पडल्या, त्या नव्याने पाठवल्या. मंडळाच्या डोमेनवरच्या लिंका सर्व्हर बदलल्यानंतरही तशाच उघडतात.