इंग्लिश शब्द वाढवायला अँकी ॲपची कार्डं की वाचन?
सोलापुरात केगावला विद्यापीठात जाणारी बरीच पोरं बसमध्ये मोबाईलवर कार्डंच (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) फिरवत बसतात आणि त्यात चूक काही नाही, कारण पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर उडतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवलंय, अँकी नेमकं विसरायच्या बेताला तोच शब्द परत समोर आणतं. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवाल्यांना पैसे पडतात. अकॅडमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासाच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी, तिच्यातली ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं) अशी उरकतात.

पण 'मिस्टेक'ला 'मेक' लावायचं की 'डू' हे सुट्या कार्डातून कळत नाही ना राव, ते वाचूनच अंगात मुरतं. वाचनाची गोची वेगळी, शब्दसंग्रहाचा अभ्यासक पॉल नेशनच्या हिशोबाने इंग्लिश पेपर आधाराशिवाय वाचायला ८-९ हजार शब्दकुटुंबं लागतात, मग मराठी मीडियमचा एफवायवाला थेट अग्रलेखाला भिडला की दर ओळीला डिक्शनरी, आणि चार दिवसांत पेपर रद्दीत. त्यापेक्षा सोप्या इंग्लिशमधली गोष्टींची पुस्तकं घ्या, लाज कसली! घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, कॉलेजात मराठी बोलणारी आपली सोलापुरी पोरं कुठं कार्डं फिरवून शिकली होती?

माझं विचाराल तर पहिल्या वर्षी कार्डं जास्त, पुढं वाचन जास्त, आणि दुसऱ्याने केलेला तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) उतरवू नका, स्वतः वाचलेल्या वाक्याचंच कार्ड करा.