योगवर्गाचं साहित्य: वर्षभर वापरून झाल्यावर

इंदिरानगरला सोसायटीच्या हॉलमध्ये माझी पहाटेची बॅच असते. बहुतेक जणी ४५ ते ६० वयाच्या; कुणाची कंबर धरलेली, कुणाला बीपीची गोळी चालू. वर्षापूर्वी मॅट, ठोकळे, पट्टे, चादरी, खुर्च्या असं सगळं एकदम घेतलं, ते कुणाला दुखापत होऊ नये म्हणून.

सगळ्यात जास्त पैसे गेले मॅटवर आणि सगळ्यात कमी उपयोग झाला तोही मॅटचाच. ८ मिमीची मऊ मॅट गुडघ्यांना बरी वाटते, पण वृक्षासनात घोटा डगमगतो. अधोमुख श्वानासनात तळहात आत रुततो आणि मनगट आणखी मुडपतं. आता उभ्याने करायची आसनं आम्ही उघड्या फरशीवर, अनवाणी करतो. अपवाद जानेवारीचा, कारण पहाटे पारा १० च्या खाली गेला की फरशीवर पाय ठेववत नाही. त्या दिवसांत अंग तापेपर्यंत पुढे वाकायची आसनं मी घेतच नाही.

हात जमिनीपर्यंत पोचत नसेल तर हाताखाली घ्यायचे ते ठोकळे. फोमचे स्वस्त आणि हलके, पण भार पडला की दबतात, कडाही झडतात. कॉर्कचे जड आहेत, पण जागचे हलत नाहीत. खरी अडचण मात्र ठोकळा घ्यायला लावण्याची. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी ही साधनं जगभर रुळवली, तरी आमच्याकडे ठोकळा म्हणजे नापास झाल्याची खूण! "मला जमतं हो मॅडम," म्हणत हात जमिनीला टेकवणारीचाच गुडघा त्रिकोणासनात मागे ढकलला जातो. लवचीक अंगाला जपावं लागतं ते असं. म्हणून आता त्या येण्याआधीच मी प्रत्येकीच्या जागेवर दोन ठोकळे मांडून ठेवते. सगळ्यांच्याच पुढे असले की कुणी हरकत घेत नाही.

पैसे खरे वसूल केले सोलापुरी चादरींनी. घडी घट्ट बसते आणि धुतली तरी सैल पडत नाही. सर्वांगासनाला तीन-चार घड्या एकावर एक ठेवायच्या, खांदे घडीच्या कडेपर्यंत, डोकं खाली जमिनीवर. मग मान दबत नाही, भार खांद्यांवर येतो. वर गेल्यावर मान वळवून शेजारणीकडे बघायचं नाही, हे मात्र रोज सांगावं लागतं. बीपी, काचबिंदू किंवा मानेचा स्पॉन्डिलायटिस असलेल्यांना मी हे आसन देत नाही. त्या पाय भिंतीला लावून पडतात. पश्चिमोत्तानासनात तीच घडी बैठकीखाली घेतली की कंबरेचा बाक कमी होतो.

पट्टे सुती आणि लोखंडी कड्यांचेच घ्यावेत, प्लास्टिकचं बक्कल ताण आला की सुटतं. खुर्ची फोल्डिंगची, लोखंडी. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात, त्यामुळे भिंतीला टेकवल्याशिवाय तिच्यावर भार द्यायचा नाही. ज्यांना खाली बसून उठणं जड जातं, त्यांचा अर्धा वर्ग खुर्चीवरच होतो आणि त्या नागा करत नाहीत.

पुढच्या खरेदीत मॅट ४ मिमीच्या घेणार. खुर्च्या आणखी चार हव्यात, पण सेक्रेटरी काका हॉलचं दुसरं कपाट उघडून देतील तेव्हा.